ठिपके जोडताना : घरच्या नोंदी आणि एक्सेलचा आलेख



रक्तदाब मोजायचे यंत्र नाही असे मराठी घर वॉटफर्डमध्ये आता शोधावेच लागेल. मधुमेह असलेल्या घरी त्याच्या शेजारी ग्लुकोमीटरही असतो. आपली ज्येष्ठ मंडळी नेमाने मोजतात आणि आकडे लिहूनही ठेवतात. कुठे लिहितात हे मात्र विचारू नका. कुणी कॅलेंडरच्या चौकटीत, कुणी जुन्या पाकिटाच्या पाठीवर, कुणी औषधाच्या खोक्यावर. मग कधीतरी मुलगा, मुलगी किंवा सून ते सगळे गोळा करून एक्सेलमध्ये भरते, दोन बटणे दाबते आणि पडद्यावर आलेख उमटतो. रेघ खाली उतरताना दिसली की घरात समाधान, वर चढताना दिसली की काळजी.

मंडळाच्या काही सभासदांना असे तक्ते मांडून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येत आहे. त्यातून माझे एक मत झाले आहे. आकडे बहुधा बरोबर असतात, ठिपकेही जागच्या जागी पडतात, पण घोळ होतो तो ठिपके जोडणाऱ्या रेघेत.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ठिपके तेच असले तरी कोणता कोणाला जोडायचा यावर कमळ होणार की कासव हे ठरते. आलेखाचेही तसेच आहे. दोन ठिपक्यांमधून रेघ ओढली की आपण दोन गोष्टी ठामपणे म्हणत असतो. पहिली, हे दोन आकडे एकाच गोष्टीचे आहेत. दुसरी, मधल्या काळात आकडा साधारण या वाटेने गेला. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच ती रेघ ओढावी. रांगोळी चुकली तर पुसता येते. आरोग्याच्या किंवा पैशाच्या आलेखावरून आपण निर्णय घेतो, म्हणून हा विषय या पानावर.

आपल्यालाच याची गरज जास्त का?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र आले होते. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढतात तो बीएमआय दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त असू शकते आणि त्यामुळे मधुमेहाचा धोकाही, हे त्या एका चित्राने सगळ्यांना समजले. ब्रिटनमध्ये आरोग्यविषयक मार्गदर्शन करणारी नाईस ही संस्था दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची पातळी २३ आणि जास्त धोक्याची २७.५ धरते. इतरांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून मधुमेह किंवा हृदयविकार यांसारखे निदान नसलेल्या लोकांना एनएचएस दर पाच वर्षांनी तपासणीला बोलावते. बोलावणे आले की जरूर जावे. पण पाच वर्षांतून एक ठिपका म्हणजे फार विरळ रांगोळी झाली. मधल्या जागा भरण्यासाठी आपल्या घरच्या नोंदी लागतात, आणि त्या नीट जोडता याव्या लागतात.

आधी तक्ता नीट मांडा

एका ओळीत एका वेळेची नोंद लिहावी. रकाने असे : तारीख, वेळ, वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब, नाडी आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना गाळू नका. ‘उपास’, ‘सर्दी’, ‘विमानप्रवास’, ‘नवी गोळी सुरू’ असे दोन शब्द सहा महिन्यांनी लाखमोलाचे ठरतात.

दोन माणसांचे आकडे एका रकान्यात कधीही घालू नयेत. एक्सेलला नाती कळत नाहीत. एका रकान्यात जे जे येईल ते सगळे एकाच गोष्टीचे असे तो धरून चालतो. सोमवारी आईचा रक्तदाब आणि मंगळवारी बाबांचा असे खालोखाल लिहिले, तर तो आईचा ठिपका बाबांच्या ठिपक्याला जोडून मोकळा होतो. आईसाठी वेगळे रकाने, बाबांसाठी वेगळे. शक्यतो पानच वेगळे करावे.

तारखेकडेही लक्ष द्या. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर ठेवलेला असेल तर ३ एप्रिल म्हणून लिहिलेले ०३/०४ तो ४ मार्च समजतो, आणि २५/०३ ही तारीख त्याला तारीखच वाटत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, नुसता मजकूर समजलेली तारीख डावीकडे चिकटून राहते. डावीकडच्या तारखा आधी दुरुस्त कराव्यात. नाहीतर दोन नोंदींमध्ये एक दिवस गेलेला असो की तीन महिने, आलेखात सगळे ठिपके सारख्याच अंतरावर बसतात आणि तीन महिन्यांतला बदल एका दिवसात झाल्यासारखा दिसतो.

आलेखाचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत, ‘लाइन’ आणि ‘स्कॅटर’. दिवसाला एकच आकडा असेल तर ‘लाइन’ पुरतो. सकाळ-संध्याकाळ अशा दोन नोंदी असतील तर लक्षात ठेवा, ‘लाइन’ प्रकारात तारखांची मोजणी पूर्ण दिवसांत होते. त्यामुळे एका दिवसाचे दोन्ही ठिपके एकाच उभ्या रेषेवर पडतात. अशा वेळी एकतर सकाळचा रकाना आणि संध्याकाळचा रकाना वेगळे करावेत, नाहीतर तारीख आणि वेळ एका चौकटीत लिहून ‘स्कॅटर’ निवडावा. ‘स्कॅटर’ ठिपके जोडतो ते ओळी ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने. एखादी जुनी नोंद मागाहून खाली लिहिली तर रेघ उलटी फिरून मागे जाते. म्हणून आलेख काढण्यापूर्वी तक्ता तारखेप्रमाणे लावून घ्यावा.

वरचा आणि खालचा : एक जोडी

घरी रक्तदाब मोजण्याची नाईसने सांगितलेली पद्धत अशी आहे. बसून मोजावे. दर वेळी निदान एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी आणि संध्याकाळी मोजावे. हे कमीत कमी चार दिवस, शक्यतो सात दिवस करावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. सर्जरीत मोजलेल्या रक्तदाबाची मर्यादा १४०/९० धरतात, घरच्या सरासरीची १३५/८५.

उदाहरणासाठी एका आठवड्याची रोजची सरासरी घेऊ :

सोमवार १५२/९२
मंगळवार १४१/८६
बुधवार १३८/८४
गुरुवार १४०/८७
शुक्रवार १३७/८३
शनिवार १४२/८५
रविवार १३६/८५

सगळे सात दिवस धरले तर सरासरी १४१/८६ येते. सोमवार सोडला तर १३९/८५. नव्या यंत्राची धास्ती म्हणा, दंडाला पट्टा बांधण्याची सवय नसणे म्हणा, पहिला दिवस बहुधा जास्त दाखवतो. सोमवारपासून मंगळवारपर्यंत रेघ झपकन उतरते ती औषधाच्या गुणाने नव्हे. तरीही १३९ हा आकडा १३५ च्या वरच आहे, म्हणजे हा कागद डॉक्टरांना दाखवायला हवा.

आता हे आलेखात कसे मांडायचे? बहुतेक जण वरच्या आकड्यांची एक नागमोडी रेघ आणि खालच्यांची दुसरी अशा दोन रेघा काढतात. पण रक्तदाबात खरे नाते सोमवारच्या १५२ चे सोमवारच्याच ९२ शी आहे. एकाच ठोक्याचे ते दोन आकडे. म्हणून त्या दोघांना उभे जोडावे. एक्सेलमध्ये याची सोय आहे. तारीख, वरचा आणि खालचा हे तीन रकाने निवडून ‘लाइन’ आलेख काढा. आलेखावर एकदा क्लिक करून ‘चार्ट डिझाइन’मध्ये ‘अ‍ॅड चार्ट एलिमेंट’, त्यात ‘लाइन्स’ आणि त्यात ‘हाय-लो लाइन्स’ निवडा. प्रत्येक दिवसाचा वरचा ठिपका त्याच दिवसाच्या खालच्या ठिपक्याला उभ्या काठीने जोडला जाईल. मग नागमोडी रेघांवर उजवे क्लिक करून त्या काढून टाका, ठिपके तेवढे ठेवा. सात दिवसांच्या सात काठ्या ओळीने उभ्या दिसतील. कोणत्या दिवशी सगळी काठीच वर सरकली आणि कोणत्या दिवशी फक्त वरचे टोक लांबले, हे एका नजरेत कळते.

इथे एक खबरदारी. ही काठी त्या दिवसाच्या सर्वांत मोठ्या आकड्यापासून सर्वांत लहान आकड्यापर्यंत जाते. नाडीचा रकानाही आलेखात आला आणि नाडी ७० असली, तर काठी ८५ वर न थांबता ७० पर्यंत खाली घुसते. म्हणून नाडी या आलेखात घेऊ नये. तीच गोष्ट १३५ आणि ८५ च्या मर्यादेची. त्या आडव्या रेघा एक्सेलमध्ये रकाना करून घालण्यापेक्षा कागद छापल्यावर पट्टी-पेन्सिलने ओढाव्यात. काम तेच होते आणि काठ्या बिघडत नाहीत.

जेवणाआधीची साखर आणि दोन तासांनंतरची साखर यांनाही हाच उपाय लागू आहे. एका जेवणाची जोडी एका काठीने जोडा. वरणभाताने काठी किती लांब झाली आणि भाकरी-उसळीने किती, ते आपोआप दिसते.

पुण्याचा रिपोर्ट आणि वॉटफर्डचा रिपोर्ट

आपल्याकडे बरीच आई-वडील मंडळी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे अशी असतात. त्यांचे रिपोर्टही दोन देशांचे असतात. भारतातल्या प्रयोगशाळा एचबीएवनसी टक्क्यांत देतात. ब्रिटनमध्ये २०११ पासून तो मिलीमोल प्रति मोल या मापात देतात. रक्तातली साखर भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, इथे मिलीमोल प्रति लिटर.

समजा एका आजींचा एचबीएवनसी पुण्यात ७.२ आला, सहा महिन्यांनी इथे ५५ आणि पुन्हा पुण्यात ७.०. हे तीन आकडे तसेच एका रकान्यात लिहिले तर मधोमध डोंगर उभा राहतो आणि इंग्लंडची हवा आजींना मानवली नाही असा निष्कर्ष निघतो. खरे रूपांतर असे करावे : टक्क्यांतून २.१५ वजा करा आणि उरेल त्याला १०.९२९ ने गुणा. मग ७.२ चे ५५ होतात आणि ७.० चे ५३. म्हणजे खरी रांग ५५, ५५, ५३ अशी आहे. डोंगर कुठेच नाही, उलट किंचित उतारच आहे.

तुलनेसाठी हे ध्यानात ठेवा. ४८, म्हणजे ६.५ टक्के, किंवा त्याहून जास्त ही मधुमेहाची पातळी. ४२ ते ४७ म्हणजे उंबरठ्यावर. साखरेच्या साध्या तपासणीचे रूपांतर आणखी सोपे आहे. भारतातल्या आकड्याला १८ ने भागा. उपाशीपोटी १२६ म्हणजे इथले ७.०.

तक्त्यात एक रकाना ‘मूळ रिपोर्टचा आकडा’ असा ठेवावा आणि दुसरा ‘इथल्या मापात’. आलेख दुसऱ्याचाच काढावा. एका मापाचा ठिपका दुसऱ्या मापाच्या ठिपक्याला जोडणे म्हणजे शेर आणि किलो एकत्र बेरजेला धरण्यासारखे आहे.

रिकामी चौकट

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ज्या दिवशी मोजलेच नाही त्या दिवसाचे काय करायचे?

एक्सेल यात तीन पर्याय देतो. आलेखावर उजवे क्लिक करून ‘सिलेक्ट डेटा’ उघडा. तिथे खाली ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ असे बटण असते. पहिला पर्याय ‘गॅप्स’. त्यात रिकाम्या दिवशी रेघ तुटते. दुसरा ‘झिरो’. त्यात रेघ शून्यावर आपटते. तिसरा ‘कनेक्ट डेटा पॉइंट्स विथ लाइन’. त्यात अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका सरळ रेघेने जोडला जातो आणि मधला दिवस बुजून जातो.

‘झिरो’ आपल्या कामाचा नाही, कारण रक्तदाब किंवा साखर शून्य असलेला माणूस आलेख पाहायला बसलेला नसतो. पण हा शून्य चोरवाटेनेही येतो. न मोजलेल्या दिवशी चौकटीत ‘नाही’ किंवा नुसती आडवी रेघ लिहिली तर एक्सेलला ती चौकट रिकामी वाटत नाही. तो मजकुराची किंमत शून्य धरतो. तेव्हा चौकट खरोखर कोरी सोडावी आणि कारण शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.

राहिले ‘गॅप्स’ आणि ‘कनेक्ट’. इथे मला एक प्रसंग सांगायचा आहे. ज्यांचा आहे त्यांच्या परवानगीने सांगतो.

आपल्यातले एक काका, वय सत्तरीच्या पुढे, मधुमेहासाठी ग्लिक्लाझाइड नावाची गोळी घेत. रोज सकाळी अकराच्या सुमाराला साखर मोजून वहीत लिहीत. सूनबाईंनी दोन महिन्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये घातल्या. रेघ जागोजागी तुटलेली दिसू लागली म्हणून त्यांनी ‘कनेक्ट’ निवडले. आलेख सुंदर झाला. साडेसात ते साडेआठ यांच्या मधून मंद लाटेसारखी चाललेली अखंड रेघ. घरात सगळे खूश.

तो आलेख माझ्याकडे छापण्यासाठी आला तेव्हा मी फक्त ठिपके मोजले. दिवस ५६ आणि ठिपके ४८. मी पर्याय बदलून ‘गॅप्स’ केला, आणि जे दिसले ते कुणालाही दिसले असते. रेघ दर सातव्या दिवशी तुटत होती. आठ आठवड्यांत आठ वेळा, दर वेळी गुरुवारी.

“काका, गुरुवारी मोजत नाही का?” मी विचारले.

“गुरुवारी दत्ताचा उपास असतो माझा. उपासाच्या दिवशी बोटाला टोचून रक्त काढायचं नाही, एवढा नेम पाळतो.”

“आणि गोळी?”

“गोळी घेतो ना. डॉक्टरांची गोळी कशी चुकवायची?”

मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. सकाळी गोळी, त्यावर फक्त बिनसाखरेचा चहा, थेट संध्याकाळी उपास सोडणे. सकाळी कॅशिओबरी पार्कमध्ये फिरायला गेले की दर गुरुवारी अकराच्या सुमाराला घाम फुटायचा, हात थरथरायचे, बाकावर बसावे लागायचे. त्यांच्या मते तो उपासाचा अशक्तपणा. घरी सांगितले तर उपास बंद करायला लावतील म्हणून सांगितले नव्हते.

ग्लिक्लाझाइड ही गोळी शरीराला इन्सुलिन जास्त सोडायला लावते. ती जेवणाबरोबर घ्यायची असते. गोळी पोटात आणि अन्न नाही असे झाले तर साखर धोकादायक खाली उतरू शकते. ४ च्या खाली गेली तर तिला हायपो म्हणतात, आणि त्यात माणूस चक्कर येऊन पडू शकतो, बेशुद्धही होऊ शकतो. सर्जरीतल्या मधुमेहाच्या नर्सबाईंनी काकांना सांगितले, एवढा एक गुरुवार नेम मोडा आणि घाम फुटला की लगेच मोजा. आकडा आला ३.४. त्यावर तिथल्या तिथे ग्लासभर फळांचा रस घ्यावा लागला.

आता पुन्हा आलेखाकडे या. आदल्या बुधवारी ७.८ होते आणि शुक्रवारी ८.१. ‘कनेक्ट’ची रेघ म्हणत होती की गुरुवारी आठच्या आसपास असणार. प्रत्यक्षात होते ३.४. जी जागा एक्सेलने बुजवली होती, नेमकी त्याच जागी काकांच्या जिवाला धोका होता. डॉक्टरांनी गोळीची व्यवस्था बदलली. काकांचा गुरुवार सुटला नाही, मात्र आता तो सगळ्यांना सांगून आणि मोजून होतो.

यातून सर्वांनी घ्यायचे ते असे. आपल्या लोकांत न मोजलेले दिवस सहसा उगाच रिकामे नसतात. उपास, लग्नाची गडबड, आजारपण, भारतवारी, गोळ्या संपणे, किंवा ‘आज जास्तच येणार, मोजायलाच नको’ असे मनात येणे, यांतले काहीतरी त्यामागे असते. खंड म्हणजे डॉक्टरांनी विचारावा असा प्रश्न. तो दिसू द्यावा. रोजच्या नोंदींसाठी ‘गॅप्स’ ठेवावे, आणि रेघेबरोबर ठिपकेही दाखवावेत. दोन खंडांच्या मधे एकच आकडा असेल तर त्याला जोडायला शेजारी कुणी नसतो, आणि ठिपके बंद असतील तर तो आकडा आलेखातून नाहीसाच होतो.

‘कनेक्ट’ मग कधी वापरायचे? रोजच्या तक्त्यात वजन आठवड्यातून एकदाच लिहीत असाल तर मधल्या सहा चौकटी रिकाम्या राहणारच. वजन एका रात्रीत उड्या मारत नाही, तेव्हा ते ठिपके जोडायला हरकत नाही. तीन-सहा महिन्यांनी होणाऱ्या एचबीएवनसीचेही तसेच, कारण तो मुळातच मागच्या दोन-तीन महिन्यांचा गोषवारा असतो. हा पर्याय सगळ्या आलेखाला एकदम लागू होतो, म्हणून वजनाचा आलेख वेगळा आणि रोजच्या साखरेचा वेगळा करावा.

पैशाच्या रेघा

पैशाच्या बाबतीत हाच नियम वेगळ्या रूपाने येतो. रेघांचा आलेख मुळात पैशासाठीच जन्मला. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली आपल्या पुस्तकात इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्याशी चाललेल्या व्यापारात आयातीची एक रेघ आणि निर्यातीची दुसरी रेघ काढून, त्या दोहोंमधली जागा म्हणजे देशाचा फायदा किंवा तोटा, असे त्यांनी दाखवले.

आपली पेन्शन किंवा आयसा असेच पाहावे. समजा वर्षाच्या सुरुवातीला १०,००० पौंड होते, दरमहा २०० भरले आणि वर्षअखेर १२,७०० झाले. नुसत्या शिलकीची रेघ २७ टक्के चढलेली दिसते आणि जावई नातेवाइकांत मिरवतो. पण २,४०० तर आपणच भरले. शेजारी ‘एकूण भरलेली रक्कम’ असा रकाना घाला. तो १२,४०० वर संपतो. मग दर महिन्याचे दोन्ही ठिपके रक्तदाबासारखेच ‘हाय-लो लाइन्स’ने जोडा. शेवटची काठी ३०० पौंडांची, तेवढीच खरी कमाई.

दुसरे उदाहरण गृहकर्जाचे. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर डिसेंबर २०२१ पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत लागोपाठ १४ वेळा वाढला आणि ०.१ चा ५.२५ टक्के झाला. ३ ऑगस्ट २०२३ ला तो ५.२५ झाला आणि १ ऑगस्ट २०२४ ला ५ वर आला. हे दोन ठिपके सरळ जोडले तर रेघ सांगते की फेब्रुवारी २०२४ मध्ये दर ५.१२५ च्या आसपास होता. तसे नव्हते. वर्षभर तो ५.२५ लाच होता. मूळ दराप्रमाणे बदलणाऱ्या दोन लाखांच्या कर्जावर हा फरक वर्षाला २५० पौंडांच्या हिशोबाने पडतो.

दर हा घसरगुंडीने नाही तर जिन्याने उतरतो आणि चढतो. तो जिना काढायचा असेल तर बदलाच्या प्रत्येक तारखेला दोन ओळी लिहाव्यात, एकदा जुना दर आणि त्याच तारखेला नवा दर, आणि सरळ रेघांचा ‘स्कॅटर’ आलेख काढावा. पायऱ्या आपोआप उमटतात.

डॉक्टरांकडे जाताना

जीपीची भेट साधारण दहा मिनिटांची असते. त्यात वही चाळायला वेळ नसतो. एका कागदावर एकच आलेख, खाली सरासरी, कोणते माप ते, आणि शेऱ्याच्या रकान्यातल्या तीन-चार महत्त्वाच्या गोष्टी एवढे छापून न्यावे. औषधांची नावे पाठीमागे लिहावीत, आयुर्वेदिक आणि भारतातून आणलेलीसुद्धा.

घरी यंत्र नसेल तर इंग्लंडमध्ये चाळिशी उलटलेल्यांचा रक्तदाब अनेक फार्मसींमध्ये विनामूल्य तपासून मिळतो. एक्सेल विकत घ्यायचे नसेल तर लिब्रेऑफिस फुकट मिळते, आणि रिकाम्या चौकटींचे तिन्ही पर्याय त्यातही आहेत. फोनवरच्या एक्सेलमध्ये वर सांगितलेल्या सगळ्या सोयी सापडतीलच असे नाही, त्यासाठी कॉम्प्युटर बरा.

हा लेख नोंदींविषयी आहे, औषधांविषयी नाही. आलेख पाहून स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नये. रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणे असे काही असेल तर आलेख बाजूला ठेवून ९९९ ला फोन करावा.

ज्यांना तक्ता मांडायला मदत हवी असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला येताना आपली वही घेऊन यावे. सुटे कागद, पाकिटे, खोकीही चालतील. रिकामे राहिलेले दिवस मात्र घरी बसून भरून आणू नयेत, ते कोरेच आणावेत.